हिऱ्याचं ब्लेड कापेनासं झालंय? या चुका टाळा

ग्रॅनाइट कापता कापता डायमंड ब्लेड एकाएकी नुसतं घासायला लागतं. ठिणग्या उडतात, कड निळी-काळी पडते, मोटर कण्हते. अशा वेळी चालवणारा हमखास एकच गोष्ट करतो: आणखी जोर लावतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

ब्लेडच्या कडेचे सेगमेंट म्हणजे अखंड हिरा नव्हे. धातूच्या भुकटीत कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण मिसळून, दाबून आणि तापवून ते घडवलेले असतात. कण धरून ठेवणाऱ्या या धातूला बाँड म्हणतात, आणि त्यानं झिजणं हे त्याचं कामच आहे. तो झिजतो तेव्हा बोथट कण गळतात आणि आतले ताजे कण डोकं वर काढतात. बाँड झिजला नाही, तर वरचे कण घासून सपाट होतात आणि आजूबाजूचा धातू त्यांच्या बरोबरीला येतो. याला ग्लेझिंग म्हणतात. मशीनचा प्लग काढून, ब्लेड गार झाल्यावर सेगमेंटवरून बोट फिरवा. खरखर लागली नाही, तर निदान झालं.

उपाय सोपा आहे. वाळूच्या दगडात किंवा ड्रेसिंगच्या, म्हणजे ब्लेडला पुन्हा धार आणण्याच्या, विटेत चार-सहा उथळ काप मारा. धातू खरवडला जातो, कण उघडे पडतात. पण हे दर तासाला करावं लागत असेल, तर ब्लेडच चुकीचं निवडलंय. इथला नियम पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: माल कठीण आणि घट्ट असेल तर बाँड मऊ हवा, माल रेताड, खरवडणारा असेल तर बाँड कठीण हवा. डांबर किंवा नुकतंच आळलेलं काँक्रीट मऊ बाँडनं कापलंत, तर कण वापरले जाण्याआधीच गळतात आणि नवंकोरं ब्लेड बघता बघता संपतं. ग्रॅनाइटवर कठीण बाँड लावलात, तर वर सांगितलेली घासाघीस ठरलेलीच. म्हणून ‘सगळ्यांत टिकाऊ ब्लेड द्या’ म्हणण्यापेक्षा काय कापायचंय ते सांगावं.

खरेदीतच होणारी आणखी एक चूक. हिऱ्याच्या ग्राइंडिंग चाकावर ‘कॉन्सन्ट्रेशन १००’ लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ शंभर टक्के हिरा असा लावला जातो. प्रत्यक्षात त्यात घन सेंटीमीटरला ४.४ कॅरेट, म्हणजे आकारमानाच्या पाव भाग हिरा असतो. आकडा जास्त म्हणजे काप चांगला, असंही नाही. मशीन कमी ताकदीचं असेल, तर दाब जास्त कणांत वाटला जातो, एकेक कण पुरेसा रुतत नाही आणि चाक वरून सरकतं.

ब्लेडवरचा बाण शोभेसाठी नसतो. कापताना प्रत्येक कणामागे धातूची छोटी शेपटी तयार होते आणि ती कणाला टेकू देते. ब्लेड काढून उलटं बसवलंत की टेकू गेला.

पाण्याबाबत कंजुषी नको. हवेत साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास हिरा जळू लागतो. त्याच्या कितीतरी आधी ब्लेडची पोलादी तबकडी वाकडी होते. कोरडं चालणारं ब्लेडसुद्धा दर थोड्या वेळानं कापाबाहेर काढून मोकळं फिरू द्यावं. कोरड्या कापात दगडाची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा योग्य मास्कशिवाय हे काम करूच नये.

आता पोलाद. ‘हिरा सर्वांत कठीण, मग पोलादावर सर्वांत भारी’ हा तर्क बिनचूक वाटतो आणि साफ फसतो. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन सहज शोषून घेतं. घासताना धारेवर तेवढं तापमान होतं आणि हिरा रासायनिकरीत्या विरघळत जातो. या कामाला क्युबिक बोरॉन नायट्राइड, म्हणजे सीबीएन वापरतात. १९५४ च्या डिसेंबरात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी कृत्रिम हिरा बनवला. त्याच कंपनीत १९५७ साली रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी सीबीएन तयार केलं. ते हिऱ्याहून मऊ आहे, पण लोखंडाशी त्याचं वाकडं नाही. हिऱ्याची खरी मैदानं म्हणजे ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू, कार्बन फायबर, एमडीएफ, काच, दगड आणि टंगस्टन कार्बाइड. कार्बाइडच्या टूलला धार लावताना हिऱ्याचं चाक पोलादी दांड्याला लागून भरून जात असेल, तर दांडा आधी साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चाकावर घासून मागे घ्या.

कठीण म्हणजे चिवट नव्हे, हेही विसरलं जातं. पीसीडी, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण एकत्र जोडून कार्बाइडच्या आधारावर बसवलेला थर. अशा पीसीडी इन्सर्टची, म्हणजे टूलमध्ये बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याची, धार सैल स्पिंडलवर किंवा क्लॅम्प नीट न आवळल्यानं टवके उडून जाते, आणि दोष मात्र इन्सर्टला लागतो. ती धार मायक्रोमीटरच्या जबड्यात धरून मोजू नका, भिंगाखाली पाहा. ब्रेझिंग करताना, म्हणजे धातू वितळवून तुकडा टूलला जोडताना, ज्योत आधाराच्या कार्बाइडकडे ठेवा, हिऱ्याकडे नको. पीसीडीत कणांच्या मधे कोबाल्ट असतो. तो हिऱ्यापेक्षा जास्त फुगतो आणि ७०० अंशांच्या पुढे हिऱ्याचं ग्रॅफाइट व्हायला मदतही करतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये चिपची उष्णता काढून घ्यायला हिरा वापरतात, तिथे चूक जोडात होते. उत्तम हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतो, हे खरं. पण चिप आणि हिरा यांच्यामधला सोल्डरचा थर जाड किंवा पोकळ असेल, तर उष्णता तिथेच अडते. शिवाय तापल्यावर तांबं हिऱ्याच्या पंधरापटीहून जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे दोन्ही ताठ जोडलेत की चीर ठरलेली.

प्रयोगशाळेत पॉलिश करताना एक मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टवर चकाकी येते, पण मधेच लांब ओरखडे दिसत राहतात. पेस्टला दोष देण्याआधी कापड बघा. नऊ मायक्रॉनचा एखादा कण नमुन्यावरून किंवा हातावरून तिथे आलेला असतो. प्रत्येक ग्रेडला वेगळं कापड ठेवा, आणि पुढच्या पायरीवर जाण्याआधी नमुना आणि हात दोन्ही धुवा. ओरखडा पडलाच, तर बारीक पेस्टनं तासन्‌तास घासत बसू नका. तीन मायक्रॉनवर परत जा आणि एक मायक्रॉनचं दूषित कापड टाकून द्या. कापड धुऊन कण निघत नाहीत.