इतिहास, राज्यशास्त्र आणि धर्म : प्रश्नाचे उत्तर कसे लिहावे

विदर्भातील खेड्यापाड्यांच्या शाळांत इतिहास व राज्यशास्त्राची तयारी बहुधा गाईड पाठ करून होते, आणि त्यामुळे प्रश्नाची शब्दरचना जराशी बदलली की विद्यार्थी अडखळतो. दहावीचा हा पेपर ४० गुणांचा व दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे मिळतात. तेव्हा लिहायला घेण्यापूर्वी प्रश्न नेमके काय करायला सांगतो आहे, हे पाहावे. ‘टीप लिहा’ म्हटले असेल तर मोजकी माहिती हवी असते. ‘सकारण स्पष्ट करा’ म्हटले असेल तर दिलेले विधान का बरोबर आहे, ते दाखवायचे असते. जोड्या आणि संकल्पनाचित्रे पाठ्यपुस्तक नीट वाचले की सुटतात.

खरी कसोटी सकारण प्रश्नांत लागते. समजा, ‘अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला महत्त्व आले’ असे विधान दिले आहे. ‘युद्धामुळे मागणी वाढली’ एवढ्यावर थांबलेले उत्तर कारण सांगत नाही, विधानच पुन्हा सांगते. युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले, उत्तरेकडील राज्यांच्या आरमाराने दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना बहुतांश कापूस तेथूनच येत असल्यामुळे त्या बंद पडू लागल्या आणि गिरणीमालकांना भारताकडे वळावे लागले, असा एकेक दुवा जोडत जावे. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडातील काळ्या जमिनीत कापूस आधीपासूनच पिकत होता, हे त्यानंतर लिहावे. १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर अमेरिकी कापूस बाजारात परतला आणि चढलेले भाव कोसळले, हेही सांगावे. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली व १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, याचा उल्लेख जरूर करावा. मात्र या दोन्ही गोष्टी युद्धानंतरच्या असल्यामुळे त्यांना युद्धकाळातील भाववाढीचे कारण म्हणू नये. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल फार होते. भाव का चढतो आणि का पडतो, हे कास्तकाराच्या मुलाला निराळे शिकवावे लागत नाही. ती समज उत्तरात यावी, यंदाच्या भावाची तक्रार मात्र येऊ नये.

राज्यशास्त्रात चुका होतात त्या संस्थांची सरमिसळ केल्याने. ग्रामसभेत गावातील सर्व मतदार येतात, तर ग्रामपंचायतीत निवडून आलेले सदस्य असतात. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष हा लोकप्रतिनिधी, तर मुख्य कार्यकारी अधिकारी हा शासनाने नेमलेला असतो. परदेशातील शासनपद्धतीवरचा प्रश्न आला, तर ‘सत्ताप्रमुखाला कोण निवडते आणि मुदतीपूर्वी कोण हटवू शकते’ हे दोन मुद्दे प्रथम धरावेत. ब्रिटनच्या पंतप्रधानांना संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाचा विश्वास टिकवावा लागतो, जसा आपल्या मुख्यमंत्र्यांना विधानसभेचा. अमेरिकेचे अध्यक्ष मात्र चार वर्षांसाठी स्वतंत्रपणे निवडले जातात. अविश्वास ठरावाने त्यांना हटवता येत नाही, त्यासाठी महाभियोग चालवावा लागतो. हे दोन मुद्दे पक्के झाले की तुलनेचे निम्मे उत्तर तयार होते.

धर्माविषयीच्या प्रश्नांत सर्वाधिक सांभाळावी लागते ती भाषा. प्रेषित मुहंमद इ.स. ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला गेले, ही इतिहासातील घटना आहे. कुराण हे ईश्वरी वचन आहे, ही मुस्लिमांची श्रद्धा आहे. म्हणून पहिले वाक्य सरळ लिहावे आणि दुसऱ्यात ‘मुस्लीम मानतात की’ असे शब्द घालावेत. आपल्या घरच्या धर्माबद्दल लिहितानाही हाच नियम पाळावा. तो तेथेच जास्त जड जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, या प्रसंगावर केवळ भक्तिभावाने लिहिलेले उत्तर अपुरे राहते. १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर केले होते, तेव्हापासून दीक्षेपर्यंतचा प्रवास आणि समतेचा आग्रह त्यात यायला हवा. भारतीय संविधानातील धर्मस्वातंत्र्याची कलमे २५ ते २८ ही आहेत. प्रश्न धर्मनिरपेक्षतेचा असेल, तर त्यांचा क्रमांकासह उल्लेख करावा.

एखादे वर्ष नक्की आठवत नसेल, तर अंदाजाने आकडा टाकू नये. ‘अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात’ किंवा ‘एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात’ असे लिहावे, म्हणजे घटनांचा क्रम तरी बिघडत नाही.