आबांचे मेसेज नव्या फोनवर कसे आणले

आबांच्या जुन्या फोनवर कारखान्याचे ऊस-वजनाचे मेसेज होते. आमच्या निपाणी भागात बिल पडताळताना शेतकऱ्याला तेच कामी येतात, ते गमावून कसं चालेल? बॅकअप ॲपनं फाईल नीट केली, पण नव्या फोनवर मेसेज काही उतरेनात.

कारण असं: अँड्रॉइड ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून, मेसेजच्या साठ्यात लिहायची मुभा फक्त डीफॉल्ट एसएमएस ॲपला, म्हणजे फोनमध्ये मेसेजसाठी मुख्य म्हणून निवडलेल्या ॲपला आहे. मग सेटिंग्जमधल्या ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये जाऊन बॅकअप ॲपला तेवढ्यापुरतं डीफॉल्ट केलं. सगळे मेसेज तारखांसकट आले! काम झाल्यावर नेहमीचं ॲप लगेच परत निवडा, नाहीतर मधेच आलेला ओटीपी हुकेल. बंधन मला योग्यच वाटतं. नाहीतर कुठलंही ॲप बँकेच्या नावानं खोटा मेसेज आत घुसवेल.