दोन धर्मग्राम, एक फादर: पहिल्या महिन्यात काय कराल

दोन धर्मग्राम (पॅरिश) सांभाळा, असं बिशपांचं पत्र आलं की आपण आधी मिस्सांचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, वेळापत्रक करायला बसतो. मीही बसलो होतो. ते आठवडाभर राहू द्या. आधी रविवारी सकाळी गाडी काढून रस्ता बघा. माझं एक चर्च नाशिकरोडच्या बाजूला, दुसरं सिन्नरच्या पुढे एका गावात. एरवी पाऊण तास. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेच्या गर्दीत किती, ते विचारू नका.

रविवारी तीन मिस्सा म्हणता येतात, पण बिशपांनी गरज मान्य केली तरच. तेवढं लेखी घ्या. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. द्राक्षाच्या हंगामात रविवारी अर्धं गाव बागेत असतं, म्हणून ती मी गावाला दिली. हंगाम संपल्यावर बदलायला विसरलो. दारात एका आजीने गाठलंच: "फादर, शहराला रविवार आन् आमाला उरलंसुरलं?" तेव्हापासून नाताळची मध्यरात्रीची मिस्साही एक वर्ष गावाला, एक वर्ष शहराला.

एकापाठोपाठ मिस्सा असताना दुसरीआधी तासाभराचा उपवास फादरला बांधील नाही. मधुमेह असेल तर सिन्नर फाट्यावर बिनधास्त केळं खा.

पैशांचं मात्र काटेकोर. दोन अर्थसमित्या, दोन बँक खाती, दोन पावतीपुस्तकं. गावाच्या छताचे पैसे शहराच्या पेटीतून 'तात्पुरते' घेऊ नका. मिस्सा कितीही म्हटल्या तरी दिवसाला एकाच मिस्सेचं दान स्वतःसाठी ठेवता येतं (नाताळ सोडून). रविवारी लोकांसाठी अर्पण करायची मिस्सा मात्र दोन्ही धर्मग्रामांसाठी मिळून एकच पुरते.

नोंदवह्या आणि शिक्के ज्या त्या कार्यालयातून हलवू नका. एकदा गावातल्या बाळाचा बाप्तिस्मा मी शहराच्या वहीत लिहिला, कारण गाडीत तीच होती. पुढे दाखल्यासाठी त्याच्या आईला तीन खेपा पडल्या. चूक माझी, एसटीचं भाडं तिचं.

शपथविधी, हारतुरे, ओळखीच्या सभा आपोआप होतात. तुम्ही पहिल्याच भेटीत गावात तीन नंबर घ्या: चर्चची चावी कोणाकडे, घंटा कोण वाजवतं, कबर कोण खणतं. मयताचा फोन येतो तेव्हा आपण नेमके दुसऱ्या टोकाला असतो, आणि रस्त्यात गाड्या तुंबलेल्या असतात.