रविवारचा उपदेश कसा तयार करावा

सोमवारीच शास्त्रपाठ, म्हणजे त्या रविवारचा बायबलमधील उतारा, मोठ्याने वाचावा आणि त्यातील नियमशास्त्र (देवाच्या आज्ञा) व सुवार्ता (ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या क्षमेचे वचन) वहीत वेगळी लिहावी. नियमशास्त्र पाप दाखवते, क्षमा मात्र सुवार्ताच देते. माझ्या मते बहुतेक उपदेश इथेच फसतात आणि शेवटी ख्रिस्ताऐवजी सूचनांची यादी उरते.

नाशिकमध्ये योहान १५ (योहानाच्या शुभवर्तमानातील अध्याय, जिथे येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो) सांगताना फांदी वेलात राहते म्हणूनच फळ देते, हे आधी सांगावे. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत कापलेली काडी बांधावर कशी सुकते, हे मंडळीतील बागायतदारांनी पाहिलेले असते.

१५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रानुसार (लुथरन ख्रिस्ती लोकांचे श्रद्धेचे निवेदन) जिथे सुवार्ता शुद्धपणे शिकवली जाते आणि संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा व प्रभुभोजन यांसारखे पवित्र विधी, योग्य रीतीने दिले जातात तिथे मंडळी (चर्च) असते, म्हणून प्रभुभोजनाकडे नेणारे वाक्य आधीच लिहून ठेवावे. शनिवारी आजाऱ्यांना भेटून मगच मसुदा पक्का करावा.