काम सोपवताना निर्णयही सोपवा

गटप्रमुखाचा दिवस स्वतःच्या कामापेक्षा इतरांच्या कामातील लहानसहान निर्णयांतच अधिक जातो. मसुदा आधी कोणाला दाखवायचा, ग्राहकाला मुदत वाढवून द्यायची की नाही, पुरवठादाराच्या दरपत्रकाला होकार कळवायचा का, असे प्रश्न दिवसभर त्याच्याकडे येत राहतात. प्रत्येकाचे उत्तर दोन मिनिटांत देता येत असल्यामुळे आपण कामाला गती देत आहोत, असेही त्याला वाटते. प्रत्यक्षात काम वाटून दिलेले असते, निर्णय मात्र एकाच टेबलावर साचलेले असतात. वेळ मोकळा करायचा असेल तर आधी हे साचलेले निर्णय हलवावे लागतात.

सुरुवात नोंदीपासून करावी. आठवडाभर सहकाऱ्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि आपण दिलेले उत्तर एकेका ओळीत लिहून ठेवावे. ही यादी सलग वाचली की बरेचसे प्रश्न मोजक्याच प्रकारांचे आहेत आणि त्यांतील काहींना आपण दर वेळी तेच उत्तर देतो, हे लक्षात येते. जिथे उत्तर ठरलेले आहे, तिथे नियम लिहून द्यावा. त्यासाठी माणसाची गरजच नाही. जिथे उत्तर परिस्थितीनुसार बदलते, परंतु चुकले तरी दुरुस्त करता येते, ते निर्णय सोपवण्यास सर्वांत योग्य असतात. जे मागे घेता येत नाहीत, उदाहरणार्थ मोठ्या करारावरील सही किंवा एखाद्याला कामावरून कमी करणे, ते स्वतःकडेच ठेवावेत. अप्रिय निरोप देण्याचे कामही कोणावर ढकलू नये. ते सोपवणे नसून टाळणे असते.

‘हे जरा बघता का?’ एवढ्यावर सोपवलेले काम बहुधा काही दिवसांत परत येते. सोपवताना काम पूर्ण झाल्यावर हाती काय असले पाहिजे, ते कशासाठी हवे आहे, केव्हापर्यंत हवे आहे आणि किती खर्च करण्याची मुभा आहे, हे सांगावेच. परंतु माझ्या मते याहून महत्त्वाची आणि नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे अधिकाराची हद्द. फ्रेंच खाण अभियंता आणि उद्योग व्यवस्थापक हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांत अधिकार आणि जबाबदारी यांचे मिळून एकच तत्त्व आहे. तरीही अनेक कार्यालयांत जबाबदारी खाली जाते आणि अधिकार वरच राहतो.

ही हद्द तीन पायऱ्यांत सांगता येते. पहिल्या पायरीवर सहकाऱ्याने पर्याय तपासून शिफारस करायची आणि निर्णय आपण घ्यायचा. दुसऱ्या पायरीवर निर्णय त्याने घ्यायचा, पण अमलात आणण्यापूर्वी आपल्याला सांगायचे. तिसऱ्या पायरीवर त्याने निर्णय घेऊन अमलात आणायचा आणि नंतर कळवायचे. आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे दोघांनाही स्पष्ट ठाऊक असावे आणि ते ईमेलमध्ये लिहिलेले असावे. ‘तुम्हांला योग्य वाटेल ते करा’ हे वाक्य उदार भासते, पण त्यातून ऐकणाऱ्याला हद्द कळत नाही. मग तो सर्वांत सुरक्षित मार्ग निवडतो, म्हणजे पुन्हा विचारायला येतो. नवख्या सहकाऱ्याला पहिल्या पायरीवर ठेवण्यात काहीच गैर नाही; मात्र काम जमू लागल्यावरही त्याला तिथेच ठेवले, तर थोड्याच काळात तो स्वतःहून विचार करणे सोडून देतो.

मुदत ठरवताना थोडी सावधगिरी बाळगावी. माणसे आपल्याच कामाला लागणारा वेळ कमी धरतात, कारण ती समोरची योजना पाहतात आणि तशीच कामे पूर्वी किती लांबली होती हे विचारात घेत नाहीत. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ही चूक दाखवून दिली. म्हणून ‘किती दिवस लागतील?’ याऐवजी ‘मागच्या वेळी असे काम किती दिवसांत झाले होते?’ असे विचारावे. पहिला आढावा काम अर्धे झाल्यावर नव्हे, तर दिशा बदलणे अजून स्वस्त असताना ठेवावा, आणि दोन आढाव्यांच्या मध्ये ‘कुठवर आले?’ असे विचारत फिरू नये.

सर्वांत कठीण वेळ असते ती सहकारी अडचण घेऊन येतो तेव्हाची. टोयोटाच्या कारखान्यांत जुळणी करणाऱ्या कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो. तेव्हा गटप्रमुख त्याच्या जागेवर येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही, तरच जुळणीची रांग थांबते. इथे मदत कामापाशी येते, काम प्रमुखाकडे जात नाही. कार्यालयातही हेच साधायचे आहे. ‘ठेवून जा, मी बघतो’ असे म्हणण्याचा मोह आवरावा आणि ‘तुमच्यापुढे कोणते पर्याय आहेत, त्यांपैकी तुम्ही कोणता निवडाल?’ असे विचारावे. मसुदा सदोष असेल तर तो रात्री बसून स्वतः लिहून काढू नये. कोणते दोन परिच्छेद का पटत नाहीत, ते सांगून परत द्यावा. याला त्या दिवशी अधिक वेळ लागतो, हे खरे आहे, आणि मुदत अगदी तोंडावर असेल तर अपवाद करावाच लागतो. मात्र तो अपवाद असल्याचे सहकाऱ्याला तेव्हाच सांगावे.

आणखी एक बाब बाहेरच्यांशी संबंधित आहे. निर्णय सोपवल्याचे इतर विभागांना कळवले नाही, तर ते जुन्या सवयीने आपल्यालाच फोन करतात आणि आपण उत्तर दिले की सहकाऱ्याचा अधिकार त्याच क्षणी संपतो. अशा फोनवर उत्तर ठाऊक असले तरी त्याचे नाव सांगून फोन त्याच्याकडे वळवावा. वरिष्ठांच्या बैठकीत त्या कामाचा विषय निघणार असेल, तर ते मांडण्यासाठी त्यालाच सोबत न्यावे.