कन्सोलमध्ये काय बदलता येतं, काय नाही, आणि ठरवायचं कसं

आधी एक गैरसमज काढून टाकू. आत्ता गेम खेळायच्या कन्सोलचं साधं मॉडेल घेऊ, पुढे रॅम वाढवू, जमलं तर ग्राफिक्सचंही बघू, असा विचार असेल तर तो पीसीसाठी ठेवा. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) असो नाहीतर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये असतात आणि ती चिप काय, रॅम काय, सगळं बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. तुमच्या हातात राहतं फक्त स्टोरेज. म्हणजे पॉवर किती हवी ते घेतानाच ठरवायचं, आणि जागा किती हवी ते नंतर आरामात बघितलं तरी चालतं.

आता कंपन्या असं का करतात, मुद्दाम अडकवतात का? थोडंफार ते असेलही, पण खरं कारण गेम बनवणाऱ्यांच्या बाजूने बघितलं की कळतं. सगळ्यांकडे सेम मशीन असेल तर त्या एका मशीनवर गेम घासूनपुसून नीट करता येतो. मशीनचे दोन प्रकार झाले की कमी ताकदीचं मशीन सगळ्यांना थांबवतं. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ या गेमचं हेच झालं, सिरीज एसवर (सिरीज एक्सचं कमी ताकदीचं भावंड) स्प्लिट स्क्रीन, म्हणजे एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय, नीट चालेना, त्यात सिरीज एक्सची १६ जीबी रॅम आणि एसची १० जीबी, त्यामुळे एक्सबॉक्सवाले इतरांच्या मागे राहिले आणि शेवटी डिसेंबरमध्ये गेम आला तो एसवर स्प्लिट स्क्रीनशिवायच.

जुन्या काळी वरून जोडायचे प्रयोगही झालेत. सेगाने आपल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला आधी सीडी जोडली, मग १९९४ मध्ये वर ३२एक्स नावाचा ताकद वाढवणारा जोड बसवला, आणि गंमत म्हणजे तिघांना तीन वेगळे पॉवर अडॅप्टर लागायचे. त्याच वर्षी जपानमध्ये सेगाचाच नवा कन्सोल सॅटर्न आला, मग ३२एक्ससाठी गेम कोण कशाला बनवेल, चाळीसेक गेमवर खेळ आटोपला. निंटेंडोचं त्यामानाने बरं जमलं. त्यांच्या एन६४ कन्सोलच्या झाकणाखालचा छोटा पॅक काढून एक्स्पान्शन पॅक बसवला की ४ एमबीची रॅम ८ एमबी व्हायची, आणि डाँकी काँग ६४ हा गेम त्याच्याशिवाय चालायचाच नाही म्हणून तो पॅक गेमसोबतच दिला होता. माझ्या मते इथेच सगळं आलं, अपग्रेड प्रत्येकाकडे असेल याची खात्री असेल तरच त्याच्यासाठी कोणी गेम बनवतं.

म्हणून मॉडेल निवडताना आधी टीव्ही बघा. टीव्ही १०८० पीचा असेल आणि तो बदलायचा विचार नसेल तर पीएस५ प्रोच्या, म्हणजे पीएस५ च्या जास्त ताकदीच्या मॉडेलच्या, मागे लागू नका. प्रोवर चित्र जास्त स्वच्छ दिसतं, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) सुधारतो, पण गेम तेच, साध्या पीएस५ वरही चालतात. टीव्ही ४के, १२० हर्ट्झवाला असेल आणि तुम्हाला कमी फ्रेमरेट पटकन डोळ्यात खुपत असेल तर प्रोचा विचार करा. आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर सरळ पीसी घ्या, कन्सोलवर चिडचिड होईल.

आता स्टोरेज, इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक्सबॉक्स सिरीजला त्यांचं स्वतःचं एक्स्पान्शन कार्ड लागतं, मागे खोचलं की काम झालं. साधी यूएसबी ड्राइव्ह लावली तर एक्सबॉक्स वनचे जुने गेम तिच्यावरून चालतात, सिरीजसाठी बनवलेले नवे गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात, खेळायचे म्हटलं की आत कॉपी करा. पीएस५ चंही तसंच, पीएस४ चे गेम यूएसबीवरून चालतात, पीएस५ चे नाहीत. निंटेंडोचा स्विच २ घेतलाय आणि जुन्या स्विचचं कार्ड काढून त्यात टाकणार असाल तर थांबा, गेमसाठी त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेस या वेगवान प्रकारचंच कार्ड लागतं.

पीएस५ मध्ये मात्र बाजारातली एसएसडी (वेगवान स्टोरेज ड्राइव्ह) बसते, फक्त बघून घ्या. एम.२ एनव्हीएमई (पट्टीसारखी, थेट बोर्डावर बसणारी) हवी, तिच्यावर पीसीआयई जेन ४ लिहिलेलं हवं, रीड स्पीड ५,५०० एमबी प्रति सेकंद किंवा जास्त, साइज ८ टीबीपर्यंत. साटावाली (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एम.२ दिसायला जवळपास तशीच असते पण चालत नाही. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, हवाच, आणि लोक नेमकं इथेच फसतात, कारण हीटसिंकसकट सगळी जाडी ११.२५ मिमीच्या आत लागते, पीसीसाठीचे भलेमोठे हीटसिंक तिथे मावत नाहीत.

बसवायच्या आधी सिस्टम सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. मग कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोड नाही, पूर्ण बंद, केबल काढा आणि थोडा थंड होऊ द्या. कव्हर काढलं की आत एक छोटं धातूचं झाकण दिसेल, त्याचा स्क्रू फिलिप्स (चौफुलीच्या टोकाच्या) स्क्रू ड्रायव्हरने निघतो. आत ११०, ८०, ६०, ४२, ३० अशा खुणा आहेत, त्या एसएसडीच्या लांबीच्या, मिमीमध्ये. बहुतेक एसएसडी २२८०, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब असतात, म्हणून तिथला स्क्रू आणि त्याखालची बारीक रिंग काढून ती रिंग ८० च्या जागी ठेवायची. रिंग एवढीशी असते, पडली की शोधत बसाल, त्यामुळे खाली कापड अंथरा. एसएसडी तिरकी घालून आत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा, फार आवळू नका, झाकण परत बसवा.

चालू केलं की कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला सांगतो आणि मग रीड स्पीड दाखवतो. एसएसडी आधी कुठे वापरलेली असेल तर त्यातलं सगळं जाणार, आधी कॉपी करून ठेवा. फॉरमॅट झाल्यावर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन नवे गेम थेट एम.२ वर इन्स्टॉल होतील असं करून ठेवा, आणि आधीचे मोठे गेम तिकडे हलवा. सेव्ह डेटा मात्र कन्सोलच्या आतल्या स्टोरेजवरच राहतो, त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.