डिमसम अन् हाताने ओढलेले नूडल्स: एकदम सगळं मागवू नका बाप्पा

आपल्याकडे जेवण म्हणजे ताट. वरण, भात, पोळी, भाजी, ठेचा सगळं एकदम समोर पाहिजे, नाहीतर पाहुणा उपाशी गेला असं वाटते. डिमसम म्हणजे टोपलीतून थोडे थोडे येणारे छोटे छोटे चिनी पदार्थ, बरेचसे मोमोसारखे वाफवलेले, अन् त्याच्या हॉटेलात हीच सवय नडते. पोरगं पुण्यात नाहीतर नागपुरात नोकरी करून राहिलं, ते मायबापाले हौसेनं घेऊन जाते, बाबा म्हणते "मागव बे सगळं, पैशाचं पाहू", अन् मंग टेबलावर टोपल्यांवर टोपल्या, मधात नूडल्सचा वाडगा, अन् निम्मं थंड होऊन चिवट झालेलं. वरून "याच्यापरीस गाडीवरचा मोमो बरा" हे ऐकायचं. अहो ते खाणंच तसं नाही, ते थोडं थोडं मागवायचं अन् आलं की गरम गरम संपवायचं, हे एक जमलं की बाकी सोपं आहे.

सुरुवात चहापासून. डिमसम मूळचे दक्षिण चीनमधले, ग्वांगडोंग अन् हाँगकाँगकडचे, तिकडे सकाळपासून दुपारपर्यंत लोक चहा पीत पीत हे खातात. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा, ऊलाँग किंवा जस्मिन असते, त्यात साखर मागू नका, तेलकट घासानंतर तोंड साफ करायलाच तो आहे. तिकडची एक पद्धत मला लय आवडते, कोणी आपल्या कपात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटक करायची, झाले आभार मानून, तोंडातला घास तोंडातच. किटली रिकामी झाली की झाकण तिरपं करून ठेवतात म्हणजे पाणी भरून आणा, पण आपल्या इकडच्या वेटरले हे समजलंच पाहिजे असं नाही, सरळ हाक मारा.

आता ऑर्डर. एका टोपलीत बहुतेक तीन किंवा चार नग असतात, तेव्हा चौघं असाल तर आधी दोन-तीन टोपल्याच सांगा, त्या संपत आल्या की पुढच्या. पहिले वाफेवरचे हलके घ्या. हारगाऊ म्हणजे झिंग्याचे, त्याचं वरचं आवरण गव्हाच्या स्टार्चचं असते म्हणून आतला गुलाबी झिंगा आरपार दिसते, अन् थंड झालं की तेच आवरण कडक होते, म्हणून हे आले की गप्पा बंद. मंग सुई माय, वरून उघडे असतात. मंग बाव, म्हणजे भरलेली पांढरी मऊ पावासारखी गोळी, याच्यानं पोट लवकर भरते म्हणून लेकरांच्या हातात सुरुवातीलेच देऊ नका. तळलेलं त्याच्यानंतर, अन् गोड एग टार्ट शेवटी. कोंबडीचे पाय दिसले तर दचकू नका, तो तिकडचा आवडीचा पदार्थ आहे, नाही खायचे तर नका खाऊ, पण बाजूच्या टेबलाकडे पाहून नाक मुरडू नका.

एक गोष्ट मात्र न लाजता विचाराच, काय मांस आहे ते. सुई मायमध्ये मूळ पद्धतीत डुकराचं मांस अन् झिंगा असते, इकडे बरेच जण चिकन घालतात, पण विचारल्याशिवाय काय कळते. शाकाहारी असाल किंवा श्रावण पाळत असाल तर दोन प्रश्न जास्तीचे: भाजीत ऑयस्टर सॉस (म्हणजे कालवांचा, शाकाहारी नाही) आहे का, अन् "व्हेज" नूडल्सचा रस्सा हाडांचा तर नाही ना. वरून नुसत्या भाज्या टाकल्यानं तो व्हेज होत नाही बरं.

सॉस वाटीत घ्या अन् घास बुडवा, टोपलीत ओतू नका. सोया खारट असते, काळं व्हिनेगर तेलकटावर मस्त लागते, अन् चिली ऑइल आपल्या सावजी जिभेले काहीच वाटत नाही, तरी पहिला नग कोराच खाऊन पाहा, चव झिंग्याची आहे, तिखटाची नाही. रस्सा भरलेला डंपलिंग (मोमोसारखी सारण भरलेली गोळी) म्हणजे श्याव लाँग बाव मागवला (हा शांघायकडचा, पण इकडे एकाच मेनूत असते) तर तो अख्खा तोंडात टाकायचा नाही, जीभ भाजते. चमच्यात ठेवा, कडेला छोटा चावा घ्या, रस्सा सुरप करून ओढा, मंग बाकीचा. चॉपस्टिक नाही जमत तर काटा मागा, कोणी हसत नाही, अन् हसलं तर हसू द्या. फक्त भातात चॉपस्टिक उभ्या खुपसून ठेवू नका, तिकडे ते मेलेल्या माणसापुढच्या उदबत्तीसारखं दिसते म्हणून अशुभ मानतात.

नूडल्स शेवटी सांगा, म्हणजे सगळ्या टोपल्या उचलल्यावर, काहून की रश्श्यात पडल्यापासून ते फुगत जातात अन् दहा मिनिटांत त्याची खीर होते. जागा मिळाली तर काचेच्या किचनसमोर बसा, नूडल्स हाताने ओढताना दिसतात. आपली लांब रोटी करणारी बाई कशी कणीक पाणी लावू लावू आपटते अन् मंग हातावर ताणून मडक्यावर टाकते तरी फाटत नाही, नेमकं तेच शास्त्र आहे इथं: मैदा, पाणी, मीठ अन् थोडा खार, कणीक मळून मुरवली की ताणल्या जाते. एक दोरी ओढून दुमडली की दोन, मंग चार, मंग आठ, आठव्यांदा २५६ तार होतात अन् तारा एका जाडीच्या कधीच नसतात, मशीनचे अन् हाताचे ओळखायची हीच खूण. उत्तर-पश्चिम चीनमधल्या लान्झोऊ शहराचे यात सगळ्यात नावाजलेले, तिथे केसासारख्या बारीकपासून पट्ट्यासारख्या रुंदपर्यंत जाडी गिऱ्हाईक सांगते. इकडेही विचारून पाहा. पहिल्यांदा मध्यम जाडीचे घ्या, चावायले मजा येते. अन् आवाज करून ओढले तरी चालते, उलट थोडे गार होतात.

एवढं दूर जाणं होत नसेल तर घरी करून पाहा. तिबेटी लोकांचा थेनथुक हा यातला सोपा भाऊ आहे, अन् तिबेटी म्हणजे काही परके नाहीत, आपल्याच गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. मैदा मिठाच्या पाण्यात मऊ मळा, तेल लावून झाकून तासभर ठेवा, घाई केली तर तुटते. मंग पट्ट्या करा, दोन बोटांत ताणा अन् तोडून तोडून उकळत्या रश्श्यात टाका, वर तरंगले की झाले. डंपलिंगसाठी बांबूची टोपली काही लागत नाही, इडलीपात्रात पत्ताकोबीचं पान अंथरा, चिकटत नाही.

हॉटेलातलं उरलं अन् गावी न्यायचं असेल तर नूडल्स अन् रस्सा वेगळे बांधून मागा. डिमसम घरी आल्यावर मायक्रोवेव्हमध्ये नाही, पाच मिनिटं वाफेवर गरम करा. उन्हाळा असेल तर झिंग्याचे मात्र तिथेच संपवा, लाल डब्ब्यात चार तास झिंगा टिकत नाही.